केळ्यातला पॉझिट्रॉन, आकाशातला पॉझिट्रॉन आणि डार्क मॅटर

रावेर-सावद्याकडून दिल्लीच्या बाजाराला निघालेला दहा टन केळ्यांचा ट्रक घ्या. त्यात दर सेकंदाला प्रतिद्रव्याचे, म्हणजे अँटिमॅटरचे, दहाएक कण तयार होतात. थट्टा नाही, साधा गुणाकार आहे. केळ्यात पोटॅशियम असतं हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर १०,००० अणूंमागे एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. एका केळ्यात असे चौदा-पंधरा अणू दर सेकंदाला फुटतात. अशा १ लाख फुटण्यांमागे एकात पॉझिट्रॉन बाहेर पडतो. एका केळ्यामागे साधारण दोन तासांत एक, म्हणजे ट्रकभर केळ्यांत सेकंदाला दहाच्या आसपास. हे वाचून केळी खायचं सोडू नका. पोटॅशियम तुमच्या अंगातही आहेच, आणि तिथे तासाला दीडएकशे पॉझिट्रॉन होतात.

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ. वस्तुमान तेवढंच, विद्युतभार मात्र ऋण नसून धन. दोघं भेटले की दोघंही संपतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची जोडी विरुद्ध दिशांना निघते. केळ्यातला पॉझिट्रॉन मिलिमीटर-दोन मिलिमीटरसुद्धा जात नाही, गरातच एखादा इलेक्ट्रॉन त्याला गाठतो. कॅन्सरच्या रुग्णांचं पेट-स्कॅन करतात ते याच गॅमा जोडीच्या आधारावर. तेव्हा प्रतिद्रव्य ही काही सिनेमातली चीज नाही. ते आहे, रोज होतं, रोज संपतं.

प्रश्न वेगळाच आहे. अवकाशातून पृथ्वीकडे येणाऱ्या पॉझिट्रॉनची संख्या हिशेबापेक्षा जास्त भरते. हे जास्तीचे कुठून येतात? एक उत्तर असं की ते डार्क मॅटरमधून येतात. ते खरं निघालं तर भौतिकशास्त्राची पुस्तकं नव्याने छापावी लागतील. मला स्वतःला हे उत्तर फारसं पटत नाही. का पटत नाही, ते पुढे येईलच. आणि तरीही हा शोध सोडून देण्यासारखा का नाही, तेही.

आधी डार्क मॅटरचं बघू. पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या रात्री सातपुड्यात तोरणमाळला किंवा पालकडे गेलात तर आकाशगंगेचा पट्टा अजूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यातले तारे, वायू, धूळ सगळं मोजून जे वस्तुमान येतं, ते आकाशगंगेला बांधून ठेवायला पुरत नाही. सूर्यमालेत सूर्यापासून जितकं लांब जावं तितका ग्रहाचा वेग कमी होतो. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, नेपच्यून साडेपाचच्याही खाली. दीर्घिकांमध्येही, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्यांमध्येही, केंद्रापासून दूरचे तारे असेच मंद असायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये शेजारच्या देवयानी दीर्घिकेतले वेग मोजून प्रसिद्ध केले, तर काठावरचे वेग उतरायलाच तयार नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका अख्ख्या समूहात हीच अडचण दिसली होती. तेव्हा त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. झ्विकींचा तिरसट स्वभाव त्यालाही थोडा जबाबदार असावा.

आजचा हिशेब असा: विश्वाच्या एकूण द्रव्य-ऊर्जेत आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम ५ टक्के, डार्क मॅटर २७ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेली डार्क एनर्जी. तिचा इथे संबंध नाही. डार्क मॅटर प्रकाश देत नाही, अडवत नाही, परतवतही नाही. कळतं ते फक्त त्याचं गुरुत्वाकर्षण. पण हे वाचून आपल्याभोवती त्याचे ढीग आहेत असं समजू नका. सूर्याच्या आसपास ते इतकं विरळ आहे की अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मिळून अर्धा-पाऊण किलोच भरेल. दीर्घिकेचा पसारा अफाट म्हणून बेरीज मोठी होते.

हे सगळं आमच्या एका नात्यातल्या बाबांना समजावत होतो. शेतकरी माणूस, शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "दिखत नही, मंग ते शे तरी काय?"

याचं उत्तर आज जगात कुणाकडेच नाही. उमेदवार मात्र पुष्कळ आहेत. त्यांतला बरीच वर्षं सर्वांचा लाडका राहिलेला उमेदवार म्हणजे 'विम्प': वजनदार, पण इतर द्रव्याशी जवळपास न बोलणारा कण. तो लाडका होण्याला कारण होतं. विश्व कोवळं आणि तापलेलं होतं तेव्हा असे कण तयारही व्हायचे आणि एकमेकांवर आदळून नष्टही व्हायचे. विश्व फुगत, निवत गेलं तसे ते एकमेकांना भेटेनासे झाले आणि जे उरले ते उरले. त्यांची आपसात आदळून संपण्याची ओढ अणुकेंद्रातल्या दुर्बल बलाइतकी धरली, तर उरलेला साठा आज दिसणाऱ्या डार्क मॅटरइतकाच निघतो. हा मेळ इतका नेमका बसला की अनेकांना तो योगायोग वाटेना.

असे कण पकडायचे तर एक रस्ता जमिनीखालचा. खोल खाणीत अतिशुद्ध पदार्थ ठेवायचा आणि एखादा विम्प येऊन धडकतो का याची वाट बघायची. आपल्याकडे झारखंडमध्ये जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे. दुसरा रस्ता जिनिव्हाजवळच्या सर्नचा: प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून विम्प घडवता येतो का ते पाहायचं. आपला रस्ता तिसरा. विम्प पूर्वी एकमेकांना संपवत होते, तर आजही कधीतरी, कुठेतरी दोन विम्प भेटून संपत असतीलच. त्यांच्या ऊर्जेतून ओळखीचे कण बाहेर पडतील आणि त्यांत द्रव्य जितकं, तितकंच प्रतिद्रव्य असेल.

मग शोध प्रतिद्रव्याचाच का? इलेक्ट्रॉन-प्रोटॉनही तेवढेच निघणार ना? निघतील, पण कळणार नाहीत. आमच्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की शेतकरी हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो, आणि तो एवढासा उजेड दोन शेतं पलीकडूनही दिसतो. तीच बॅटरी मे महिन्याच्या भर दुपारी पेटवली तर शेजारच्यालाही कळायची नाही. अवकाशात प्रोटॉनची भर दुपार आहे. प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा ऋण भाराचा जुळा भाऊ, मात्र १०,००० प्रोटॉनमागे एखादाच. म्हणून बघायचं तर त्या अंधारात.

हे कण पृथ्वीवर येतात ते विश्वकिरणांमधून. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यात बसून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि त्यांना दिसलं की वर जावं तसा किरणोत्सार वाढतो. म्हणजे तो जमिनीतून नाही, वरून येतोय. हे किरण म्हणजे बव्हंशी प्रोटॉन, थोडी हेलियमची केंद्रकं आणि शेकडा एकाच्या आसपास इलेक्ट्रॉन. ते हवेवर आदळून नव्या कणांचा सडा पाडतात. तुम्ही हे वाचताना तळहात आडवा धराल तर त्यातून सेकंदाला एक-दोन म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, आरपार जाताहेत.

पॉझिट्रॉनचा शोधही याच किरणांत लागला, आणि त्या शोधातली एक युक्ती सावकाश बघण्यासारखी आहे, कारण तीच अडचण ८० वर्षांनी अवकाशात पुन्हा उभी राहिली. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनला धन भाराचा जोडीदार असावा असं निघत होतं. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन चुंबकात ठेवलेल्या बाष्पकोठीत, म्हणजे कणाची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणाऱ्या पेटीत, विश्वकिरणांच्या वाटांचे फोटो काढत होते. चुंबकीय क्षेत्रात धन कण एका बाजूला वळतो, ऋण कण दुसऱ्या. पण फोटोत दिसते ती नुसती वाकडी रेघ. धन कण वरून खाली आला काय किंवा ऋण कण खालून वर गेला काय, रेघ तीच. अँडरसननी कोठीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी आडवी बसवली. शिशातून जाताना कणाची ऊर्जा कमी होते आणि ऊर्जा कमी झाली की तो जास्त वळतो. ज्या बाजूला वळण घट्ट, त्या बाजूला कण निघाला. बस्स, दिशा कळली आणि दिशेवरून भार कळला. त्या गाजलेल्या फोटोतला कण खालून वर चाललेला आहे, धन आहे आणि प्रोटॉन असायला फारच हलका आहे. १९३६ चं नोबेल हेस आणि अँडरसन यांना वाटून मिळालं.

आता मुख्य कटकट. अंधार अंधार म्हटलं तरी तो पूर्ण अंधार नाही. डार्क मॅटर अजिबात नसतं तरी विश्वकिरणांत थोडं प्रतिद्रव्य असतंच. ताऱ्यांच्या स्फोटांत वेग मिळालेले प्रोटॉन लाखो वर्षं आकाशगंगेत भटकतात. वाटेत विरळ वायूवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण होतात, पायॉनचे म्युऑन, म्युऑनचे पॉझिट्रॉन. क्वचित प्रतिप्रोटॉनही. याला दुय्यम प्रतिद्रव्य म्हणू. ते किती असावं हे काढायची सोय बोरॉनने केली आहे. ताऱ्यांच्या भट्टीत बोरॉन जवळपास तयार होत नाही. विश्वकिरणांतला बहुतेक बोरॉन कार्बन-ऑक्सिजनची केंद्रकं वाटेत फुटून झालेला असतो. म्हणून बोरॉन आणि कार्बनचं प्रमाण मोजलं की हे किरण सरासरी किती वायूतून आले ते कळतं, आणि मग तेवढ्या वायूत किती पॉझिट्रॉन व्हावेत तेही. उत्तर असं येतं की ऊर्जा वाढावी तसा पॉझिट्रॉनचा वाटा उतरत जायला हवा, कारण जास्त ऊर्जेचे किरण आकाशगंगेत फार काळ टिकत नाहीत, लवकर निसटतात.

२००६ मध्ये रशियाच्या एका उपग्रहावर बसून 'पामेला' नावाचं इटली-रशिया आणि इतरांचं उपकरण वर गेलं. त्याला दिसलं की १० जीईव्हीपासून १०० जीईव्हीपर्यंत पॉझिट्रॉनचा वाटा उतरायचा सोडून चढतोय. जीईव्ही हे ऊर्जेचं माप, एका प्रोटॉनच्या वस्तुमानात साधारण एक जीईव्ही ऊर्जा असते. नव्वदच्या दशकातल्या फुग्यावरच्या प्रयोगांतही याची कुणकुण लागली होती, पण खात्री नव्हती. पामेलाचा आलेख २००८ च्या उन्हाळ्यात एका परिषदेत पडद्यावर दाखवला गेला, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी त्याचे फोटो काढले, फोटोवरून आकडे उतरवले आणि मूळ निबंध छापून यायच्या आत डार्क मॅटरचे सिद्धान्त लिहून मोकळे झाले. पामेलाचा स्वतःचा निबंध २००९ मध्ये आला. शास्त्रज्ञही माणसंच!

मग आलं आजवरचं सर्वात मोठं उपकरण, एएमएस. 'अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर' हे त्याचं पूर्ण नाव. वजन साडेसात टन. नोबेलविजेते सॅम्युएल टिंग यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ते उभं केलं आणि मे २०११ मध्ये एंडेव्हर यानाच्या शेवटच्या फेरीत ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसलं. हे स्थानक खानदेशावरूनही जातं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी एखादा ठळक, न लुकलुकणारा ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून गेला तर तो बहुधा तोच असतो. वर ४०० किलोमीटर, आणि त्याच्या पाठीवर हा चुंबक.

एक कण एएमएसमधून जातो तेव्हा काय होतं ते क्रमाने पाहू. वरच्या थरात खास तंतूंचा जाड गादीसारखा पट्टा आणि वायू भरलेल्या बारीक नळ्या आहेत. त्यातून हलका इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन गेला तर क्ष-किरण उमटतात, जड प्रोटॉनचे उमटत नाहीत. पुढे चुंबकाच्या वर आणि खाली वेळ मोजणाऱ्या पट्ट्या, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही बारीक. कण आधी वरच्या पट्टीला लागला की खालच्या, हे त्या सांगतात. अँडरसनच्या शिशाच्या पट्टीचंच हे काम: वर जाणारा इलेक्ट्रॉन खाली येणाऱ्या पॉझिट्रॉनचं सोंग घेऊ नये. मधे चुंबक, पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा सुमारे ३,००० पट जोरदार, आणि सिलिकॉनचे ९ थर कणाची वाट टिपत राहतात. वळणावरून भाराचं चिन्ह कळतं. तळाला शिसं आणि चमकणाऱ्या तंतूंचा ठोकळा. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्यात शिरले की एकाचे दोन, दोनाचे चार असा कणांचा वर्षाव होऊन सगळी ऊर्जा तिथेच सांडते. प्रोटॉनचं तसं होत नाही. या वर्षावाचं गणित १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर ज्यांनी मांडलं, ते होमी भाभा.

एवढा खटाटोप कशाला? तर पॉझिट्रॉन आणि प्रोटॉन दोघंही धन, दोघंही चुंबकात एकाच बाजूला वळतात, आणि प्रोटॉन हजार ते दहा हजार पटींनी जास्त. हजारात एक प्रोटॉन जरी चुकून पॉझिट्रॉनच्या खात्यात गेला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून दोन वेगळ्या यंत्रणांची साक्ष जुळल्याशिवाय पॉझिट्रॉन मोजत नाहीत.

हे उपकरण अवकाशात दुरुस्त करावं लागेल असं कुणी धरलंच नव्हतं. पण सिलिकॉनच्या थरांना थंड ठेवणारे पंप एकामागून एक बंद पडू लागले. शेवटी नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका पर्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन हे दोन अंतराळवीर चार वेळा बाहेर पडले. जाड हातमोजे घालून त्यांनी कार्बन डायऑक्साइड वाहणाऱ्या पोलादी नळ्या कापल्या आणि नव्या पंपाला जोडल्या. त्यासाठी अवजारंसुद्धा मुद्दाम नव्याने घडवावी लागली होती. आपल्याकडे विहिरीत उतरून मोटारीची जोडणी करणाऱ्या मिस्त्रीला याचं मर्म बरोबर कळेल.

एएमएसचा पहिला मोठा निकाल एप्रिल २०१३ मध्ये आला. पामेला खरं बोलत होती. पॉझिट्रॉनचा वाटा खरोखर चढतोय, तोही आणखी वरपर्यंत. पुढे २०१९ मध्ये १९ लाख पॉझिट्रॉनच्या आधारे दिसलं की साधारण २८४ जीईव्हीनंतर त्यांची संख्या झपाट्याने उतरते आणि ८०० जीईव्हीच्या आसपास हा जादा स्रोत संपतो. डार्क मॅटरवाल्यांना यात आनंद होणं साहजिक होतं. विम्पचं जेवढं वस्तुमान, त्याहून जास्त ऊर्जेचा पॉझिट्रॉन त्यातून निघूच शकत नाही. म्हणजे आलेख एका जागी तुटायला हवा. आणि तो तुटतोय!

पण थांबा. पॉझिट्रॉन तयार करणारा दुसरा कारखाना आपल्याला आधीच माहीत आहे. मोठा तारा फुटल्यावर उरणारा, शहराएवढा आणि गरगरा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्पंदक किंवा पल्सार. त्याच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात गॅमा किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सतत निघतात. त्यांच्याही ऊर्जेला वरची मर्यादा असतेच, तेव्हा आलेख तुटतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय हे पॉझिट्रॉन फार लांबून आलेले असणं शक्य नाही. एवढ्या ऊर्जेचा पॉझिट्रॉन चुंबकीय क्षेत्रात आणि प्रकाशात आपली ऊर्जा काही लाख वर्षांत घालवून बसतो. उगम काही हजार प्रकाशवर्षांच्या आतलाच हवा. आणि तेवढ्यात स्पंदक आहेत. जेमिंगा आणि मोनोजेम ही दोन नावं वारंवार येतात, दोन्ही हजार प्रकाशवर्षांच्या आत.

२०१७ मध्ये स्पंदकांनाही एक धक्का बसला. मेक्सिकोतल्या 'हॉक' वेधशाळेने या दोन्ही स्पंदकांभोवती गॅमा किरणांचं प्रभामंडळ पाहिलं. त्याच्या पसाऱ्यावरून असं निघालं की तिथले कण फार सावकाश पसरतात, इतके सावकाश की ते पृथ्वीपर्यंत पुरेसे पोचूच नयेत. मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा वाटेत सगळीकडे पसरण्याचा वेग तितकाच कमी असेल. स्पंदकाच्या जवळपास गर्दी आणि पुढे रस्ता मोकळा, असं मानायला बरीच कारणं आहेत, आणि तसं मानलं की गणित पुन्हा जमतं. त्यामुळे स्पंदक संशयितांच्या यादीत आजही पहिल्या नंबरवर आहेत.

डार्क मॅटरची बाजू मात्र लंगडी पडत गेली. एवढे पॉझिट्रॉन त्यातून निघायचे तर विम्पनी एकमेकांना संपवण्याचा वेग मघाच्या नेमक्या मेळाच्या शेकडो पट धरावा लागतो. म्हणजे ज्या योगायोगामुळे विम्प लाडका झाला, तोच मोडीत निघतो. शिवाय तसं असतं तर विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघालेल्या आदिप्रकाशावर त्याची खूण राहिली असती, आणि प्लँक उपग्रहाला ती दिसली नाही. तिसरी गोष्ट, विम्पमधून पॉझिट्रॉनबरोबर प्रतिप्रोटॉनही निघायला हवेत, पण पामेलाने मोजलेले प्रतिप्रोटॉन १०० जीईव्हीपर्यंत दुय्यम हिशेबाला धरूनच होते. स्पंदकातून प्रतिप्रोटॉन निघत नाहीत, त्यामुळे हेही स्पंदकांच्याच पथ्यावर पडतं. पॉझिट्रॉन द्यायचे पण प्रतिप्रोटॉन द्यायचे नाहीत, असं डार्क मॅटर कागदावर बसवता येतं आणि बसवलंही गेलं. पण आरोपीच्या सोयीने गुन्हा बदलायचा, हा काही तपास नव्हे.

मग लक्ष प्रतिप्रोटॉनकडे वळलं. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एएमएसचेच आकडे चाळून १०-२० जीईव्हीच्या टप्प्यात प्रतिप्रोटॉन किंचित जास्त असल्याचं दाखवलं. ८० जीईव्हीच्या आसपासच्या विम्पशी ते जुळत होतं. 'किंचित' या शब्दावर जोर द्या. प्रोटॉन हेलियमवर आदळला की किती प्रतिप्रोटॉन होतात, हे तोवर थेट मोजलेलंच नव्हतं. सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाने आपल्या नळीत मुद्दाम हेलियम सोडून ते मोजलं. शिवाय एएमएसच्या लगतच्या मापांतल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, हे धरून पुन्हा गणित केलं तेव्हा त्या जादा प्रतिप्रोटॉनांचा जोर बराच ओसरला. पार्श्वभूमीतली पाच-दहा टक्क्यांची अनिश्चितता आणि शोधायचा ऐवजही तेवढाच, अशा जागी कितीही मोजलं तरी वाद मिटत नाही.

म्हणूनच मला या सगळ्या शोधातली सगळ्यात आशेची जागा प्रतिड्यूटेरॉन वाटते. एक प्रतिप्रोटॉन आणि एक प्रतिन्यूट्रॉन चिकटून झालेलं हे केंद्रक. चिकटायचं तर दोघं जवळपास एकाच वेगाने, एकाच दिशेने निघावे लागतात, त्यामुळे ते अतिशय दुर्मीळ. पण खरी गंमत पुढेच आहे. धावता प्रोटॉन स्थिर वायूवर आदळून प्रतिड्यूटेरॉन व्हायचा तर त्या प्रोटॉनची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या किमान १७ पट लागते. प्रतिप्रोटॉनला ७ पट पुरते. एवढ्या जोराची धडक असली की तिच्यातून निघालेलं सगळं त्याच दिशेने वेगात फेकलं जातं. मंद प्रतिड्यूटेरॉन त्यातून जवळपास निघतच नाही. विम्प मात्र आकाशगंगेत मानाने सावकाश फिरतात. दोन विम्प भेटून संपले तर त्यांतून मंद प्रतिड्यूटेरॉन निघू शकतो. म्हणजे कमी ऊर्जेच्या या कोपऱ्यात खरोखरीचा अंधार आहे. हा मुद्दा २००० मध्येच मांडला गेला होता.

तो कोपरा तपासायला 'गॅप्स' हा अमेरिका, जपान आणि इटलीचा प्रयोग आहे. यात चुंबकच नाही. मंद प्रतिकण सिलिकॉनमध्ये थांबतो, एखाद्या अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी जाऊन बसतो, पायरी-पायरीने खाली उतरताना ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो आणि शेवटी केंद्रकावर आदळून पायॉनचा फवारा उडवतो. क्ष-किरण आणि फवारा मिळून तो प्रतिप्रोटॉन होता की प्रतिड्यूटेरॉन ते सांगतात.

हा प्रयोग फुग्याने अंटार्क्टिकावरून सोडायचा असतो. आता, फुगे तर टाटा मूलभूत संशोधन संस्थाही हैदराबादहून कित्येक दशकं सोडते आहे. मग तिथून का नाही? कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत, इथे क्षेत्राच्या रेषा आडव्या पडतात आणि दहा-पंधरा जीईव्हीच्या खालचे बहुतेक कण वरच्या वर परतवले जातात. खानदेशाच्या आकाशात मंद प्रतिड्यूटेरॉन पोचणारच नाही. ध्रुवाकडे रेषा उभ्या होतात आणि असे कण आत येऊ शकतात. याच कारणाने एएमएसलाही हे कण टिपायची संधी मिळते ती स्थानक उत्तर-दक्षिणेच्या टोकांकडे असतानाच. जपान-अमेरिकेच्या 'बेस-पोलर'ने २००४ आणि २००७-०८ मध्ये अंटार्क्टिकावर दोन उड्डाणं केली, त्यांत एकही प्रतिड्यूटेरॉन सापडला नाही.

प्रतिहेलियमचीही चर्चा अधूनमधून उठते. टिंग यांनी २०१६ मध्ये सर्नमधल्या व्याख्यानात प्रतिहेलियमसारख्या दिसणाऱ्या मोजक्या नोंदींचा उल्लेख केला होता. अब्जावधी कणांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी, उपकरणाची एखादी बारीक खोडही त्या दाखवू शकते. त्यांना दुजोरा मिळालेला नाही, म्हणून मी त्या हिशेबात धरत नाही. सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगाने २०२२ मध्ये एवढं मात्र दाखवलं की डार्क मॅटरमधून प्रतिहेलियम-३ निघालाच, तर आकाशगंगेतल्या वायूत तो सगळा गडप होणार नाही, निम्म्याच्या आसपास आपल्यापर्यंत पोचेल.

पॉझिट्रॉनचं प्रकरणही अजून बंद झालेलं नाही. उगम जवळचा स्पंदक असेल तर एका बाजूने पॉझिट्रॉन किंचित जास्त यायला हवेत. आजवर ते चहूबाजूंनी सारखेच दिसले आहेत. एएमएसवर सिलिकॉनचा आणखी एक मोठा थर चढवून कण टिपण्याची क्षमता तिप्पट करायचा बेत आहे, आणि अवकाश स्थानक चालवायचं नियोजन २०३० पर्यंतचं आहे. तेवढ्या मुदतीत ८०० जीईव्हीच्या पलीकडचे पॉझिट्रॉन पुरेसे जमले, तर आलेख कड्यासारखा तुटतो की उतारासारखा ओसरतो हे नीट दिसेल. कडा असेल तर विम्पचं नाव पुन्हा काढावं लागेल. उतार असेल तर आसपासच्या पाच-सहा स्पंदकांत त्याची वाटणी करता येईल. प्रतिड्यूटेरॉनसाठी एवढे आकडेही लागणार नाहीत. त्या मंद कोपऱ्यात दुय्यम कण अख्ख्या उड्डाणात एकही अपेक्षित नाही, त्यामुळे तिथे नीट ओळख पटलेले दोन सापडले तरी पुरे.